पप्पांचा पिवळा खडू

आमच्या घरात पापडसुद्धा तपासून घेतला जायचा. माझे वडील, शांतवन साळवे, भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. दिवसभर लोखंडाचे भाग मापायचे, ठोकून बघायचे, आणि त्यांच्यावर खडूनं खूण करायची, हे त्यांचं काम. हिरवी खूण म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळी म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे हा भाग भंगारात टाकायचा नाही आणि पुढंही जाऊ द्यायचा नाही. बाजूला ठेवायचा आणि पुन्हा बघायचं. संध्याकाळी घरी आले तरी ड्युटी संपली हे पप्पांच्या हाताला समजत नसे. कारखान्याचा खडू घरी आणणं त्यांच्या लेखी चोरी होती, म्हणून न्यू मार्केटमधून स्वतःच्या खर्चानं खडूचा डबा आणून ते स्वयंपाकघरात फिरत. लोणच्याची बरणी हिरवी, स्टोव्ह लाल, कुकर कायमचा पिवळा. आई म्हणायची, लग्नाच्या वेळी यांच्या खिशात खडू नव्हता म्हणून बरं, नाहीतर मी अजून अमरावतीला बाजूला ठेवलेली असते.

आई, रत्नमाला, एका दवाखान्यात नर्स होती. तिच्या ड्युट्या बदलत्या, पप्पांच्याही पाळ्या बदलत्या, त्यामुळे आमच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी सतत झोपलेलं असायचं आणि कुणीतरी त्याची झोप मोडू नये म्हणून दबक्या आवाजात भांडत असायचं. कारखान्याचा भोंगा झाला की गल्लीतल्या सगळ्या सायकली एकदम बाहेर पडत. त्यानंतर शेजारच्या नागपूरकर काकूंचा रेडिओ, मग आमच्याकडे पप्पांची पेटी. पप्पांना चालींपैकी एकच चाल नीट येत होती, आणि सगळी गीतं ते त्याच चालीत बसवायचे. गीत लांब असलं तर शेवटचे शब्द घाईनं म्हणून टाकायचे. काकूंनी दिवाळीला चकल्या पाठवायच्या, आम्ही नाताळात करंज्या, आणि पप्पांनी दोन्ही तपासायच्या. पप्पांची बोली नगरची, आईची वऱ्हाडी, आणि माझी धड कुठलीच नाही. मी शाळेतून येऊन ‘आई, भूख लागून राहिली’ म्हणायचे आणि दोघंही आपापल्या परीनं दुखावले जायचे.

आमच्या चर्चमधल्या नोकरदार माणसांची एक मंडळी होती. एक रविवार सोडून एक, ही मंडळी रायसेनच्या बाजूच्या एका गावात ख्रिस्ताची सुवार्ता सांगायला जायची. पाळकसाहेब फारसे येत नसत, त्यांना गाडी लागायची. त्यामुळे देवाचं राज्य पसरवण्याचं काम एक तपासनीस, एक नर्स, दोन टायपिस्ट आणि दाताचे डॉक्टर मॅथ्यू यांच्यावर येऊन पडलं होतं. डॉक्टर केरळचे, भोपाळमध्ये मुरलेले, आणि व्हॅन त्यांची होती, म्हणून मंडळीत त्यांच्या मताला वजन होतं. गावाला आमच्याकडून हवं काय, हे तर पहिल्याच फेरीत स्पष्ट झालं होतं: दात काढून हवे होते, जखमा धुऊन हव्या होत्या आणि पंचायतीचा हातपंप दुरुस्त करून हवा होता. उपदेशाला त्यांची ना नव्हती. पाहुणा बोलतो तर बोलू द्यावं, असा त्या गावाचा एकूण स्वभाव होता.

वाद झाला तो क्रमावरून. मंडळीचं म्हणणं, आधी उपदेश, मग दात. नाहीतर दात काढून माणूस घरी निघून जातो. डॉक्टर मॅथ्यूंचं म्हणणं की ठणकणारी दाढ घेऊन बसलेल्या माणसाला स्वर्गाबद्दल सांगणं हे पाप आहे, आणि आधी उपदेश हवा असेल तर आपली व्हॅन दुसरी बघा. व्हॅन दुसरी नव्हती. तेव्हापासून आधी दात आणि मग उपदेश असं ठरलं. पप्पांना वाटलं होतं तसं कुणी उठून गेलं नाही, कारण डॉक्टरांनी सगळ्यांना गालात कापूस दाबून लिंबाखाली गप्प बसायला सांगितलेलं असे. इतकी शांत मंडळी मी पुढे कुठल्याही चर्चमध्ये पाहिली नाही. गाणं मात्र आम्हालाच म्हणावं लागे, कापसाच्या लोकांना फक्त मान हलवता यायची.

आता पप्पांचा खरा पराक्रम सांगते. अधूनमधून गावातलं कुणीतरी येऊन म्हणायचं, आम्हालाही बाप्तिस्मा घ्यायचाय. दुसऱ्या एखाद्या मंडळीनं पेढे वाटले असते. पप्पा त्या माणसाला बाजूला बाजेवर बसवायचे आणि कारखान्यात नवीन भाग आला की जे विचारतात तेच विचारायचे. हे कशासाठी हवंय? कुणी सांगितलं? आणि हे नसलं तर काय अडेल? एकजण म्हणाला, साहब, फॅक्टरी में लगवा दोगे ना? रिजेक्ट. एक सून म्हणाली, माझी सासू चिडेल, तिला चिडवायचंय. पप्पा हसले, पण रिजेक्ट. अशी वर्षं गेली आणि पप्पांनी एकही माणूस पास केला नाही. भोपाळमध्ये कुजबूज सुरू झाली की साळवे लोकांना आत आणायला जातात की दारावर उभे राहायला जातात. आई म्हणायची, लोकांनी एवढे दात दिले, एक तरी आत्मा द्यायला काय हरकत होती. (आज असं रविवारी एखाद्या गावात जाऊन बसणं सोपं राहिलेलं नाही. कोण कुठं गेलं आणि कशाला, याचा हिशेब ठेवणारे खूप झालेत. पण पप्पांच्या तपासणीतून कुणी सुटलं नसतं, हे मी त्यांनाही सांगायला तयार आहे.)

फक्त रमकोबाईच्या बाबतीत त्यांचा खडू अडखळला. रमकोबाई म्हातारी, एकटी, तंबाखूनं काळ्या झालेल्या दातांची. डॉक्टरांची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. पप्पांनी विचारलं कशासाठी, तर म्हणाली, तुम लोग आते हो तो चाय बनाने का मन करता है. कुणी सांगितलं, तर, कोई काहे को कहेगा. नसलं तर काय अडेल, यावर ती म्हणाली, अडेगा तो कुछ नहीं साहब, दूध बच जाएगा. पप्पांना हे पासही करता येईना आणि रिजेक्टही करवेना. शेवटी म्हणाले, तू होल्डवर. तिनं अर्थ विचारला, पप्पांनी सांगितला, आणि तिला तो इतका आवडला की ती म्हणाली, मग माझ्या दारावरही खूण करा. पप्पांनी तिच्या चौकटीवर पिवळ्या खडूचा ठिपका काढला. पावसाळ्यात तो गेला. दिवाळीत तिनं हळद कालवून स्वतःच तो पुन्हा काढला, आणि मग दर दिवाळीला काढत राहिली. लक्ष्मीच्या पावलांशेजारी आमच्या मंडळीचा होल्ड.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी पप्पांचं कारखान्यात बिनसलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका पोराला तपासणीचा प्रमुख केलं गेलं, पप्पांना डावलून. पोरगा गोड बोलायचा आणि सगळं हिरवं करायचा. पप्पा घरी यासंबंधी एक अक्षर बोलले नाहीत, पण पेटी बंद झाली. बरण्यांवर खुणा होईनाशा झाल्या. पप्पांच्या खडूला आम्ही इतकं हसायचो, आणि तो थांबला तेव्हा घरात मला भीती वाटायला लागली.

नेमके त्याच सुमाराला नागपूरहून उजागरेसाहेब आले. ते एका मिशनरी संस्थेचे पूर्णवेळ सेवक, पांढरा सफारी, गळ्यात कॅमेरा. आमच्या घरी उतरले. आईनं मटणाचा रस्सा केला होता, आणि उजागरेंनी प्रार्थना एवढी लांबवली की रस्स्यावर तवंग गोठला. मग जेवता जेवता त्यांनी मुद्दा काढला. आठवडाभर सरकारची चाकरी आणि रविवारी देवाची, हे अर्धवटपण आता पुरे. साळव्यांनी नोकरी सोडावी, संस्था त्यांना या भागाचा पूर्णवेळ सेवक करेल. उद्या गावात येतो, लोक तयार असतील तर बाप्तिस्मेही उरकून घेऊ, फोटो पाठवायचे आहेत. पप्पांचा चेहरा मी बघत होते. कित्येक महिन्यांनी त्या चेहऱ्यावर उजेड आला होता, आणि मला एकदम रडू यायला लागलं, कारण त्याचा अर्थ मला कळत होता. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, क्वार्टर गेलं की आई एकटी कमावणार, आणि माझं नुकतंच सुरू झालेलं कॉलेज तर कुणाच्या ध्यानातही नव्हतं. डॉक्टर मॅथ्यूही जेवायला होते. त्यांनी हाड चोखत एवढंच विचारलं की पूर्णवेळ झाल्यावर हातपंप कोण दुरुस्त करणार. उजागरे म्हणाले, त्याची गरज राहणार नाही. आईनं त्यांच्या पानात आणखी रस्सा वाढला, पण तुकडा वाढला नाही. आमच्या घरात ही मोठी शिक्षा होती.

रविवारी गावात दात झाले, उपदेश झाला. उपदेश उजागरेंनी केला, आणि खरं सांगायचं तर छान केला. मग त्यांनी विचारलं, कोण कोण तयार आहे, उभे राहा. पाहुण्याचा मान म्हणून पुष्कळ लोक उभे राहिले. गालात कापूस असलेलेही उभे राहिले, त्यांना वाटलं आता घरी जायचं. उजागरेंना आनंदानं काही सुचेना. त्यांनी बाप्तिस्म्यासाठी गावच्या तळ्याकडे बोट दाखवलं आणि कॅमेऱ्याचं झाकण काढलं. पप्पा पुढे होऊन हळूच म्हणाले, साहेब, यांची तपासणी व्हायची आहे. उजागरे तितक्याच हळू म्हणाले, साळवे, हे तुमचं शेवटचं अर्धवटपण समजा. पूर्णवेळ व्हायचंय ना?

पप्पांचा हात खिशातल्या खडूवर गेलेला मला दिसला. मग ते म्हणाले, “ठीक आहे.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कुठल्याच बाबतीत ऐकले नव्हते. आईनं मलमपट्टीची पेटी खटकन बंद केली. उजागरेंनी सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या रमकोबाईला हाताला धरलं आणि तळ्याकडे न्यायला लागले. म्हातारी चार पावलं गेली, थांबली, गालातला कापूस काढून पदराला बांधला आणि म्हणाली, “मैं नहीं जा सकती बाबूजी. मैं होल्ड पे हूँ.”

उजागरेंनी पप्पांकडे पाहिलं. लोकही पप्पांकडे पाहायला लागले. रमकोबाई समजावून सांगत होती की साळवेसाहेबांनी अजून पास केलेलं नाही, दारावर निशाण आहे, येऊन बघा. बाकीच्यांनीही मग आपापले रिजेक्ट आठवून सांगायला सुरुवात केली. ज्याला नोकरी हवी होती तो म्हणाला, मेरा तो लाल हुआ था. कुणी रागावलेलं नव्हतं. उलट आपल्याला साहेबांनी नीट तपासलंय याचा त्यांना अभिमानच होता. तळ्याकडे कुणी गेलं नाही. उजागरेंनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. परतताना व्हॅनमध्ये ते पुढं बसून झोपल्याचं सोंग करत होते आणि डॉक्टर मॅथ्यू हसू दाबण्यासाठी सारखे खोकत होते. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. संध्याकाळी मुक्काम पाळकसाहेबांकडे हलवताना उजागरे मात्र दारात म्हणाले, गाव सुधारेल, साळवे; तुमची जागा मी राखून ठेवतो, उद्या सकाळपर्यंत सांगा.

म्हणजे प्रश्न सुटला नव्हता. पप्पा स्वयंपाकघरात आले. त्यांच्या अंगात सकाळचाच पांढरा शर्ट होता, उजागरे येणार म्हणून आईनं कडक इस्त्री करून ठेवलेला. आई भोपाळच्या मोठ्या तळ्यातल्या रोहूच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत होती. पप्पा म्हणाले, मी ठरवलंय, रत्ना. सोडतो. मी दाराशी कांदा चिरत होते, चिरायची थांबले. मला वाटलं आई आता आकांडतांडव करेल. तिनं पायानं स्टूल पुढं सरकवलं.

“बसा जी,” ती म्हणाली. “काहून सोडता?”

पप्पा बसले. “देवाच्या कामासाठी.”

“कोणी सांगितलं?”

“उजागरेसाहेबांनी,” पप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं की ते कुठल्या स्टुलावर बसलेत. गावात हेच उत्तर कुणी दिलं असतं तर तिथंच लाल झालं असतं.

आईनं माशाचा तुकडा उलटा केला. आवाज जराही न चढवता तिनं विचारलं, “अन् नाही सोडली, तर काय अडते?”

बाहेर काकूंच्या रेडिओवर बातम्या लागल्या, संपल्या. मी खाली मान घालून कांद्याकडे बघत राहिले. शेवटी पप्पा म्हणाले, “काही अडत नाही. पण तिथं मला कुणी विचारत नाही गं. मी लाल केलेला माल तो पोरगा माझ्यादेखत हिरवा करतो आणि मला म्हणतो, अंकल, टेन्शन मत लो. त्या गावात निदान म्हातारी म्हणते, साहेबांनी पास केलं तरच जाईन. आणि आज मी तिलाही ठीक आहे म्हणून सोडून दिलं.” एवढं म्हणून ते रडायला लागले. माझे पप्पा, ज्यांनी स्वतःच्या आईच्या मातीला चुन्याची दोरी धरून कबर सरळ आहे की नाही ते बघितलं होतं, ते कुकरशेजारी बसून हुंदके देत होते. माझ्या कॉलेजचं त्या घटकेला मला काही वाटेना. म्हटलं, सोडा, काय सोडायचं ते सोडा, पण रडू नका.

आई त्यांना रडू देत थांबली. मग म्हणाली, “हे देवाचं काम नोहे, तुमचं गाऱ्हाणं आहे. गाऱ्हाणं खरं आहे, मी नाही कुठं म्हणते? पण मीही जाते त्या गावात. रात्रपाळी करून जाते. मले तर कोणी साहेब म्हणत नाही.”

पप्पांनी मान वर केली. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही सुचलं नव्हतं. पप्पांनी डोळे पुसले आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, “म्हणजे रिजेक्ट?”

आई पेशंटकडे पाहायची, तसं तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हळदीनं माखलेलं बोट पुढं केलं आणि त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या जरा वर, एक ठिपका उमटवला.

“होल्ड,” ती म्हणाली. “पुन्हा बघू.”

सकाळी पप्पा पाळकसाहेबांकडे जाऊन उजागरेंना नाही म्हणून आले. उजागरेंनी त्यांना दोन कडक वचनं ऐकवली म्हणे, आणि पप्पांनी ती निमूट ऐकून घेतली. मग भोंगा झाला आणि ते डबा घेऊन सायकलवर निघाले. पोरगा त्यानंतरही हिरवं करत राहिला आणि पप्पा निवृत्त होईपर्यंत लाल करत राहिले. कारखाना कुणाचं ऐकत होता ते मला माहीत नाही, पण पेटी पुन्हा सुरू झाली, त्याच एका चालीत. पुढच्या खेपेला पप्पांनी रमकोबाईला घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची तपासणीसुद्धा. ती म्हणाली, “अच्छा हुआ साहब. नौकरी छोड़ के रोज आते तो रोज चाय कौन बनाता?” आणि तेव्हापासून गावात कुणी आईला नुसतं सिस्टर म्हटलं की पप्पा दुरुस्त करायचे: सिस्टरसाहब. आईला ते मुळीच आवडत नसे. ती म्हणायची, एवढ्या उशिरा मिळालेली बढती मी घेत नाही.

रमकोबाई शेवटपर्यंत होल्डवर राहिली. तिच्या लोकांनी तिला तिच्या रीतीनं जाळलं, आम्ही सगळे गेलो होतो, आणि चौकटीवर त्या दिवाळीची हळद होती. डॉक्टर मॅथ्यू केरळला परतले. मी इथंच, भोपाळमध्ये राहिले. आता अवधपुरीत माझं घर आहे आणि माझ्या कुकरवर काहीही खूण नाही, त्यामुळे त्याचा भरवसा वाटत नाही.

तो शर्ट पप्पा फक्त गावाला जाताना घालायचे. आईनं तो कधी उन्हात वाळत टाकला नाही, उन्हानं हळद उडते. दरवेळी सावलीत, आतल्या दोरीवर. पप्पा गेले तेव्हा तिनं ट्रंकेतून तोच काढून दिला. कॉलर विरली होती आणि पप्पा इतके वाळले होते की तो त्यांना थोरल्या भावाचा वाटत होता. नवे पाळकसाहेब तरुण, नीटनेटके. शवपेटी बंद करण्याआधी त्यांना तो डाग दिसला आणि ते मला हळूच म्हणाले की ताई, दुसरा शर्ट नाही का, बदलून घेऊ या. मी काही बोलायच्या आत खुर्चीवर बसलेल्या आईनं काठी जमिनीवर आपटली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तपासणी अजून व्हायची आहे.”